आधी व्हिसावरची ओळ वाचा, मग त्यांचं इंग्रजी

सोलापूरच्या एका शिक्षिकेनं विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर आहे. प्रश्न थोडक्यात असा. वय ३४, एम.ए., बी.एड., होटगी रोडच्या एका सीबीएसई शाळेत ९ वर्षं इंग्रजी शिकवतात. मस्कतच्या एका भारतीय शाळेचं ऑफर लेटर हातात आहे, शारजातल्या एका शाळेची मुलाखत झाली आहे, आणि एक एजंट थायलंडचंही नाव घेतोय. मिस्टर ३८ वर्षांचे, बारावी पास. अक्कलकोट रोड एमआयडीसीत शाळेच्या गणवेशाच्या कारखान्यात १५ वर्षं आहेत. कटिंग मास्तर म्हणून लागले, आता सगळं प्रॉडक्शन तेच बघतात. घरात तेलुगू, बाहेर मराठी, कामगारांशी कन्नड आणि हिंदी. इंग्रजी वाचतात, पण बोलायची वेळ आली की गप्प होतात. मुलगी तिसरीत. "माझं होईल हो, पण यांना इंग्रजी येत नाही. तिकडे यांना नोकरी कोण देणार? इथली नोकरी सोडायची का?"

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात 'यांना इंग्रजी येत नाही' हे वाक्य तीन वेळा आलंय. व्हिसा हा शब्द एकदाही नाही. मला काळजी वाटली ती तिथेच. ११ वर्षं मी मस्कतमध्ये इंग्रजी शिकवलं, २०१९ला सोलापूरला परत आले, आणि तेव्हापासून बाहेर जाणाऱ्या शिक्षकांची कागदपत्रं बघून देते. इतक्या वर्षांत इंग्रजीपायी घरी बसलेले नवरे मी थोडे पाहिले. व्हिसापायी घरी बसलेले खूप पाहिले. त्यातले एक माझ्याच घरात होते. पतसंस्थेतली पक्की नोकरी सोडून हे माझ्याबरोबर आले, कारण आम्हाला नेणाऱ्या एजंटनं सांगितलं होतं, "एकदा तिकडे पोचा, साहेबांना महिन्याभरात चिकटवतो." चिकटायला १४ महिने लागले. इंग्रजी त्यांचंही कच्चंच होतं, पण अडलं ते त्यापायी नाही. पासपोर्टवर जो शिक्का होता, त्यावर काम करायची परवानगीच नव्हती. ते १४ महिने कसे गेले ते पुढे सांगते, कारण तुम्हाला ते माहीत असायला हवं.

तर आधी ओमान. तिथे नोकरी करणाऱ्याच्या कुटुंबाला जो फॅमिली जॉइनिंग व्हिसा मिळतो, त्यावर काम करता येत नाही. पगारी नाही आणि बिनपगारीही नाही. नोकरी करायची तर एखाद्या कंपनीनं स्वतःच्या कोट्यातून परवानगी काढून त्यांच्यासाठी वेगळा एम्प्लॉयमेंट व्हिसा घ्यायचा. म्हणजे कंपनीला माणूस नुसता आवडून भागत नाही, त्या पदावर परदेशी माणूस घ्यायची मुभाही कंपनीकडे असावी लागते. ओमाननं आपल्या तरुणांसाठी पदं राखायला बऱ्याच वर्षांपूर्वी सुरुवात केली. २०२२मध्ये २०७ पदांची यादी काढली, ज्यांवर परदेशी माणूस घेता येत नाही. त्यात ऑफिसातली, भरतीची, प्रशासनाची पदं भरपूर आहेत. पतसंस्थेतून गेलेला माणूस आज तिथे माझ्या यजमानांहून जास्त अडचणीत येईल. तुमच्या मिस्टरांचं काम टेबलावरचं नाही, कारखान्यातलं आहे, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट.

आणखी एक. आखातातले कुटुंबाच्या व्हिसाचे नियम मुळात कमावता नवरा आणि मागून येणारी बायको असं धरून बनलेत. बायको नोकरीवर आणि नवरा आश्रित, असं असलं की पगाराची अट, पदाची अट, जादा कागद असं काहीतरी निघतंच. म्हणून शाळेच्या एच.आर.ला फोनवर विचारू नका. "माझ्या पदावर आणि या पगारात मला पतीला स्पॉन्सर करता येईल का, आणि ती प्रक्रिया शाळा करून देईल का," हे मेलवर विचारा आणि उत्तर मेलवरच घ्या. आणि घराचं विचाराच. ऑफरमध्ये 'फ्री अकोमोडेशन' लिहिलेलं असतं, आणि प्रत्यक्षात तो दोन-तीन शिक्षिकांनी मिळून राहायचा फ्लॅट निघतो. तिथे नवऱ्याला पाऊल ठेवता येत नाही. असा फ्लॅट बघून विमानतळावरून रडत फोन केलेल्या मुली मला आठवतात. कुटुंबासाठी घर मिळणार की घरभाड्याचे पैसे मिळणार, हे करारात आकड्यासकट हवं.

आता शारजा. तुमच्या पत्रात ती मुलाखत एका ओळीत आटोपली आहे. माझ्या मते तुमचं खरं उत्तर तिथे आहे. यूएईत २०१९पासून कुटुंबाचा व्हिसा कमावणाऱ्याच्या हुद्द्यावर नाही, उत्पन्नावर ठरतो : महिन्याला ४,००० दिरहम, किंवा ३,००० दिरहम आणि वर राहायची सोय. बायको नवऱ्याला स्पॉन्सर करत असेल तेव्हा याहून जास्त काही मागतात का, हे मात्र शारजाच्या शाळेलाही मेलवर विचारा. त्याच वर्षी दुसराही बदल झाला. तोवर कुटुंबाच्या स्पॉन्सरशिपवर राहून नोकरी करायची परवानगी बायकांना होती, ती पुरुषांनाही मिळू लागली. अर्थ असा की मिस्टर तुमच्या व्हिसावर राहतील, आणि एखाद्या कंपनीनं त्यांच्यासाठी फक्त वर्क परमिट काढलं की कामाला लागतील. कंपनीला त्यांचा राहण्याचा व्हिसा काढायचा खर्च आणि खटाटोप नाही, त्यामुळे छोट्या कंपन्यांना असा माणूस परवडतो. शिवाय उद्या त्यांची ती नोकरी गेली तरी मुक्कामाला धक्का लागत नाही, ते तुमच्या व्हिसावर आहेतच. उलट बाजूही बघून ठेवा : तुमची नोकरी गेली तर तिघांचाही मुक्काम संपतो. म्हणून शाळेची नीट चौकशी करायची ती तुमच्या शाळेची.

आणि शारजा, अजमान, दुबई या पट्ट्यात त्यांचा धंदा आहे. दुबईचं सतवा शिंप्यांच्या दुकानांसाठी जुनं नावाजलेलं, शारजा-अजमानच्या इंडस्ट्रियल भागांत कपड्यांचे कारखाने. गणवेश म्हटलं की आपल्याला शाळाच दिसते. तिकडे हॉटेल, हॉस्पिटल, सिक्युरिटी, साफसफाईच्या कंपन्या, सगळ्यांना गणवेश लागतो आणि वर्षभर लागतो. शाळांचंही गणित वेगळं. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा एप्रिलमध्ये उघडतात, ब्रिटिश आणि अमेरिकन अभ्यासक्रमाच्या ऑगस्टअखेर-सप्टेंबरला. म्हणजे गणवेशाचे हंगाम दोन. जूनच्या आधी रात्रपाळ्या करून सोलापूरच्या एका हंगामाचा माल काढलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

इंग्रजीचं काय, असं तुम्ही आता म्हणाल. तिथल्या कारखान्यात मशीनवर कोण असतं ते बघा : भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका. त्यांच्यात चालते ती हिंदी-उर्दू. करीमनगर, निजामाबादकडची तेलुगू माणसं आखातात पिढ्यांपासून आहेत. सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीत, वाढलेला माणूस सकाळी तेलुगूत चहा मागतो, दुकानात मराठी बोलतो, कन्नडमध्ये भाव करतो आणि कारखान्यात दखनी हिंदीत हुकूम सोडतो. सोलापुरात याला कुणी गुण म्हणत नाही, कारण इथे सगळ्यांनाच ते येतं. चाळीस कामगारांची लाइन चालवणाऱ्या मालकाला विचारा त्याची किंमत. बायोडेटात 'लँग्वेजेस' या रकान्यात सगळ्यात वर या चार भाषा लिहा, आणि इंग्रजीपुढे खरं तेच लिहा : वाचता येतं, बोलणं कामापुरतं.

कामापुरतं इंग्रजी मात्र हवंच, त्यात सवलत नाही. त्यासाठी ग्रामरचा क्लास लावू नका. मालकाचा किंवा गिऱ्हाइकाचा माणूस येतो तेव्हा कारखान्यात जे बोललं जातं ते दहा-बारा प्रसंगांत संपतं : ऑर्डरचा कागद वाचणं, मापं इंचात आणि सेंटिमीटरमध्ये सांगणं, एका लेअरमधून, म्हणजे कापडाच्या थरातून, किती नग निघतील हे सांगणं, कापड कमी का पडलं, माल कधी निघेल, कोणत्या नगात काय खोट आहे, मशीन बंद पडलं, उद्या दोन माणसं येणार नाहीत. एवढे प्रसंग मोबाइलवर त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करायचे आणि रोज ऐकायचे. आणि व्हॉट्सॲपवर तीन ओळींचा स्वच्छ निरोप लिहिता आला पाहिजे, कारण बरंचसं काम आता त्यावरच चालतं. सहा महिने रोज पाऊण तास दिलात तर एवढं होतं.

फक्त हे तुम्ही शिकवू नका. मी प्रयत्न केला होता. दिवसभर शाळेत चुका काढून घरी आले की यांच्याही चुका काढायचे, आणि मग हे माझ्यासमोर इंग्रजी बोलेनासेच झाले. शेवटी शाळेतल्या एका सहकाऱ्यानं शिकवलं. आठवड्यातून तीन संध्याकाळ, चहा पीत. चार महिन्यांत हे दुकानात जाऊन वस्तू परत करून आले. ते माझ्याच्यानं झालं नसतं.

थायलंडवर वेळ घालवू नका असं मी सांगेन, आणि कारणही सांगते. तिथे तुमची स्वतःची गणना 'नॉन-नेटिव्ह' शिक्षकांत होते. एम.ए. इंग्रजी असो, नऊ वर्षांचा अनुभव असो, पासपोर्ट भारतीय म्हणून टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत ६००च्या वर गुण मागतात आणि पगाराचा आकडा ब्रिटिश-अमेरिकन शिक्षकापेक्षा खाली असतो. बी.एड. असल्यामुळे शिक्षक-परवान्याच्या बाबतीत तुमची बाजू पदवीवर आलेल्या गोऱ्या मुलांपेक्षा भक्कम आहे, हेही खरं. प्रश्न तुमच्या मिस्टरांचा आहे. थायलंडनं काही कामं कायद्यानं आपल्या लोकांसाठी राखून ठेवली आहेत. गाडी चालवणं, केस कापणं, टूरिस्ट गाइड, ऑफिसातलं कारकुनी काम त्यात येतं. आणि त्याच यादीत हातानं कापड विणणं हेही आहे. पद्मशाली, म्हणजे विणकराच्या घरातला माणूस त्या देशात हातमागावर बसू शकत नाही, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला चटका बसला होता. कपडे शिवण्याचं काम परदेशी माणसाला मालकाकडे नोकरीवर राहून करता येतं, पण त्यासाठी मालक, कंपनी, वर्क परमिट आणि थाई भाषा, हे सगळं जमवायला हवं. एजंट यातलं काही सांगत नाही. तो तुमच्या जागेचं कमिशन घेऊन मोकळा.

विषय निघालाच आहे म्हणून तुमच्यासारख्या इतरांसाठी बाकीचे देश भराभर सांगते. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकाचा व्हिसा मुख्यतः सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांसाठी आहे, त्यामुळे त्या जाहिरातींमागे लागू नका. जपानमध्ये जोडीदाराला कुटुंबाच्या व्हिसावर परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं. पूर्ण नोकरी नाही, पण घरी बसणंही नाही. तिथे अडतं ते जपानीपाशी. मात्र जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि विभक्तीसारखे प्रत्यय शब्दामागे लागतात, त्यामुळे मराठी आणि तेलुगू बोलणाऱ्याला तिची वाक्यरचना ओळखीची वाटते. भैया चौकातलं डॉ. कोटणीसांचं घर पाहिलंय ना? १९३८मध्ये ते चीनला गेले आणि चिनी शिकले ते तिथल्या माणसांत राहून. कामाच्या ठिकाणी भाषा अशीच येते.

ब्रिटनबद्दल खूप शिक्षिका विचारतात. २०२३च्या फेब्रुवारीपासून भारतीय शिक्षकांना इंग्लंडचा क्यूटीएस, म्हणजे पात्र शिक्षकाचा, दर्जा इथूनच मागता येतो, पण तो गणित, विज्ञान आणि परकीय भाषा शिकवणाऱ्यांसाठी आहे. इंग्रजीच्या शिक्षिकेला ते दार उघडत नाही. ज्यांना इतर मार्गानं शिक्षकाचा स्किल्ड वर्कर व्हिसा मिळतो त्यांच्या जोडीदाराला मात्र जवळजवळ कोणतीही नोकरी करता येते. कॅनडानं जानेवारी २०२५पासून जोडीदाराचं ओपन वर्क परमिट, म्हणजे कोणत्याही मालकाकडे काम करायची परवानगी, ठरावीक वरच्या पदांपुरतं ठेवलं. शिक्षक त्यात बसतात, पण आधी त्या प्रांताचं शिक्षक-प्रमाणपत्र मिळवायचं, आणि ते वर्षभराचं काम. ऑस्ट्रेलियात कामाच्या व्हिसावर गेलेल्याच्या जोडीदाराला कामाची पूर्ण मुभा आहे. कायमच्या वास्तव्याचा अर्ज करताना जोडीदाराचं इंग्रजी आयइएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत सरासरी ४.५च्या आसपास नसेल तर जादा फी भरावी लागते. इंग्रजीवरून जोडीदाराची थेट अडवणूक होते ती अशा ठिकाणी. आखातात नाही.

आता मिस्टरांच्या हातातल्या कलेबद्दल, कारण मला वाटतं तुम्ही दोघांनीही ती फार कमी धरली आहे. "ते फक्त कारखान्यात आहेत" असं तुम्ही लिहिलंय. लेअर लावून एका ठाणातून जास्तीत जास्त नग काढणारा, बाविसपासून बेचाळीसपर्यंतच्या साइझचं ग्रेडिंग डोक्यात असणारा, कापडाचा ताव हातात घेऊन धुतल्यावर किती आटेल ते सांगणारा माणूस 'फक्त' नसतो. सोलापूरच्या गणवेशाला आज देशभर आणि देशाबाहेर गिऱ्हाईक आहे ते अशा मास्तरांमुळे. अडचण एवढीच की त्यांच्या या कामाचा एकही कागद नाही.

तो कागद करायचा. सरकारच्या कौशल्य योजनेत 'आरपीएल' म्हणून सोय आहे. शिकलेलं काम पुन्हा शिकवत नाहीत, येतं का ते तपासून प्रमाणपत्र देतात. कपड्यांच्या धंद्याचं स्किल कौन्सिल वेगळं आहे, त्यात कटिंग, पॅटर्न, क्वालिटी, सुपरवायझर अशी पदं आहेत. चौकशी आयटीआयपासून सुरू करा. दुसरं, पॅटर्न आणि मार्कर (कापडावर नमुने कसे मांडायचे त्याचा आराखडा) कॉम्प्युटरवर करायचं गारमेंट कॅड त्यांनी शिकून घ्यावं. हातानं मार्कर काढणारा माणूस कॅड तीन महिन्यांत उचलतो. नुसतं कॅड शिकलेल्या पोराला कापड कळायला वर्षं लागतात. दोन्ही येणारा माणूस कमी मिळतो. त्याबरोबर एक्सेल शिकावं, हिशेबापुरतं. तिसरं, कारखान्याच्या मालकाकडून लेटरहेडवर इंग्रजीत अनुभवाचं पत्र घ्या : कधीपासून, कोणत्या पदावर, किती मशीनची लाइन, महिन्याला किती नग, कोणत्या प्रकारचे गणवेश. "गेली पंधरा वर्षे प्रामाणिकपणे काम करीत आहेत" एवढंच लिहिलेलं पत्र तिकडे काही कामाचं नाही. आणि एक मिनिटाचा व्हिडिओ करून ठेवा, टेबलावर ताव टाकण्यापासून कट निघेपर्यंत. मी असा व्हिडिओ पाठवायला लावलेल्या एका मास्तरला मुलाखतीत इंग्रजीचा एकही प्रश्न आला नाही.

आणखी एक वाट मला दिसते, आणि ती मला सगळ्यात आवडते. सोलापूरचे गणवेशवाले आखातातलं गिऱ्हाईक शोधत असतात. मे २०२२पासून भारत-यूएई करारामुळे आपल्या कपड्यांवर तिकडे आयात शुल्क लागत नाही. तिथल्या एखाद्या गणवेश पुरवठादाराकडे माल तपासणारा, सोलापूरशी तेलुगू-मराठीत बोलून वेळेत माल काढून घेणारा माणूस म्हणून तुमचे मिस्टर बसू शकतात. दोन्हीकडचं कळणारा माणूस मध्ये असला की निम्म्या तक्रारी होतच नाहीत. पण हे वर्क परमिटवरच. परमिटशिवाय कमिशनवर 'मध्ये बोलून देणं' हेसुद्धा कामच धरलं जातं. तसंच घरून शेंगाचटणी आणि कडक भाकरी विकायचं कुणी सुचवेल, लायसन्सशिवाय तेही नको. यूएईत तुम्हाला स्वतःला शिकवण्या घ्यायच्या असतील तर त्यासाठी २०२३च्या डिसेंबरपासून वेगळा परवाना मिळतो, तो काढा आणि उजळ माथ्यानं घ्या.

व्हिजिट व्हिसावर जाऊन नोकरी शोधणं आणि व्हिजिट व्हिसावर काम करणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे. "सुरू तर करा, कागद मागून होतील" म्हणणाऱ्या मालकाकडे एक दिवसही थांबायचं नाही. परमिटशिवाय माणूस ठेवणाऱ्या मालकाला २०२४पासून तिकडे एक लाख दिरहमपासून दंड आहे. पकडल्यावर दंड तो भरेल, पण परत पाठवतील तुमच्या माणसाला, आणि पुन्हा येणं अवघड होऊन बसेल.

आता ते १४ महिने. मी सकाळी सहाला बस पकडायचे, हे घरी. पहिले दोन महिने चांगले गेले, यांनी घर लावलं, स्वयंपाक शिकले, मुलाचा अभ्यास घेतला. मग हळूहळू बोलणं कमी झालं. गावाहून फोन आला की "साहेब काय करतात?" हा प्रश्न यायचा आणि हे फोन माझ्या हातात द्यायचे. पैसे मागायला लागू नयेत म्हणून यांनी दाढीचं सामान आणणं लांबवलेलं मला फार उशिरा कळलं. एका लग्नात कुणीतरी यांच्या तोंडावर "बायकोच्या जिवावर आखात बघताय" म्हणालं, तर सुट्टीला सोलापूरला यायलाच हे नाही म्हणाले. मी तेव्हा शाळेत बुडालेली होते. मला दिसायला हवं होतं, दिसलं नाही. याची खंत मला आजही आहे.

म्हणून ताई, जायच्या आधी दोघांनी बसून काही गोष्टी ठरवा. घरखर्चाचं खातं दोघांच्या नावावर हवं किंवा त्यांच्या हातात कार्ड हवं, मागायची वेळ येऊ नये. नोकरी किती महिन्यांत नाही मिळाली तर काय करायचं, हे आकड्यात ठरवा. आठ म्हणा, दहा म्हणा, पण ठरवा. त्या काळात घर आणि मुलगी ही त्यांची जबाबदारी, आणि ते काम आहे असं तुम्ही स्वतः मानायचं आणि सासरी तसंच सांगायचं. सासऱ्यांना हे तुमच्या मिस्टरांनी नव्हे, तुम्ही सांगा.

नोकरी सोडायची का, याचं माझं उत्तर : आत्ता नाही. तुम्ही एकट्या पुढे जा. प्रोबेशन ओमानमध्ये जास्तीत जास्त तीन महिने, यूएईत सहा. ते संपेपर्यंत त्यांनी इथेच राहावं. तेवढ्यात त्यांचं कॅड, आरपीएल, बोलणं होतं, मुलीचं वर्ष मोडत नाही, आणि शाळा सांगितल्याप्रमाणे वागते की नाही ते तुम्हाला कळतं. मग मालकाकडे राजीनामा न देता बिनपगारी रजा मागून त्यांनी महिनाभर व्हिजिटवर यावं, कारखाने बघावेत, माणसांना भेटावं. गणवेशाचा हंगाम उरकल्यावर पंधरा वर्षांच्या माणसाला मालक महिन्याची रजा नाकारत नाही.

आणि सोडायची वेळ आली की हिशेब सोडू नका. पाच वर्षांवर नोकरी झालेल्याला ग्रॅच्युइटी मिळते : शेवटच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्याला २६ने भागायचं, १५ने गुणायचं, आणि वर्षांनी गुणायचं. पीएफ कापला जात असेल तर दहा वर्षांच्या वर सेवा असल्यामुळे ते पेन्शनला पात्र आहेत. घाईनं सगळं काढून न घेता स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे पेन्शनसाठी सेवेची नोंद असलेला कागद, घेऊन ठेवा.

कागदांत सगळ्यात जास्त अडतं ते लग्नाच्या दाखल्यावर. पत्रिका आणि फोटो कुणी बघत नाही, महापालिकेचा नोंदणी दाखला लागतो. नोंदणी झाली नसेल तर उद्याच जा. मग त्यावर मंत्रालयातल्या गृह विभागाचं आणि पुढे परराष्ट्र खात्याचं प्रमाणीकरण. ओमान ॲपॉस्टिल करारात, म्हणजे एकमेकांच्या कागदांचं प्रमाणीकरण मान्य करणाऱ्या देशांत, आहे, तिथे एवढ्यावर भागतं. यूएईला पुढे त्यांच्या वकिलातीचा शिक्काही लागतो. तुमच्या पदवीचंही असंच, फक्त ती उच्च शिक्षण विभागाकडून जाते. नावांची स्पेलिंग आत्ताच जुळवून घ्या. आपल्याकडे तेलुगू आडनावं दहावीच्या सर्टिफिकेटवर एक, आधारवर दुसरी आणि पासपोर्टवर तिसरी असतात, आणि तुमच्या पदवीवर तर माहेरचं नाव असेल. दोघांच्याही पासपोर्टवर जोडीदाराचं नाव घालून घ्या. मिस्टर बारावी पास आहेत, त्यामुळे त्यांच्या पासपोर्टवर इसीआरचा, म्हणजे नोकरीला बाहेर जाण्याआधी सरकारी परवानगी लागते असा, शिक्का पडत नाही. असलाच तर दहावीचं प्रमाणपत्र दाखवून काढून घ्या.

एजंटचं नाव परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांच्या यादीत आहे का ते बघा. नोंदणीकृत एजंटलाही ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि त्याची पावती द्यावी लागते. थायलंडवाल्यानं तुमच्याकडे किती मागितले ते तुम्ही लिहिलं नाही. याहून जास्त मागितले असतील तर तिथेच थांबा.

मस्कतच्या शाळेला आज रात्रीच मेल टाका. पतीला स्पॉन्सर करता येईल का, कुटुंबासाठी घर की भत्ता, आणि प्रोबेशनमध्ये शाळा बदलली तर काय कापणार, एवढे तीनच प्रश्न. सहीला आठ दिवस मागून घ्या. आणि शारजाच्या शाळेला फोन करून मुलाखतीचं काय झालं ते विचारा. तिथून होकार आला तर पगार थोडा कमी असला तरी मी तीच घ्या म्हणेन.